नव्या कॅराव्हान ट्रेलरला खालून गंज लागू नये म्हणून काय करावं? (बडोदा)

भटक्या_बडोदेकर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेलं खूळ एकदाचं पुरं केलं, ओढायचा कॅराव्हान ट्रेलर घेतला, नवा कोरा. एका ॲक्सलचा, आत दोघांचा बेड, छोटा ओटा, मागच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम. स्कॉर्पिओला जोडून न्यायचा. सध्या वाघोडिया रोडला मामांच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. थंडीत पहिला बेत कच्छचा, धोर्डो, मग खावड्यावरून रणातल्या त्या रस्त्याने धोलाविरा, येताना मांडवीला मुक्काम, आणि नंतर कधीतरी द्वारकेकडे शिवराजपूर. म्हणजे जाईन तिथे मीठच मीठ.

तर झालंय असं की ज्याच्याकडून घेतला तो माणूस मागे लागलाय, खालून रबर कोटिंग मारून देतो, मग जन्मात बघायला नको. चॅसी पावडर कोटेड आहे (म्हणजे रंगाची कोरडी पूड चिकटवून भट्टीत भाजलेली), उभं राहून बघितलं तर एकदम काळीभोर झकास. पण रविवारी गोणपाट अंथरून टॉर्च घेऊन खाली शिरलो तर प्रकार वेगळाच. आडवे पाइप मेन चॅनलला जिथे वेल्ड केलेत तिथे आतल्या कोपऱ्यात पावडर पोचलेलीच नाही, करडं लोखंड दिसतंय आणि वेल्डिंगचे बारीक दाणे तसेच चिकटलेत. वायरिंगच्या क्लिपा सेल्फ टॅपिंग स्क्रूने थेट चॅसीत मारल्यात, प्रत्येक स्क्रूभोवती आत्ताच तपकिरी कडं आलंय. पुढचा दांडा चौकोनी पाइपचा आहे, त्याचं मागचं तोंड उघडं, बोट घातलं तर आत कोरं लोखंड आणि ओलसर धूळ. अजून शहराबाहेर पण नेला नाहीये हो!

मारू का कोटिंग? कुठलं? का आहे तसाच वापरायचा?

सेवउसळ_जिंदाबाद
अभिनंदन! मार ना राव रबर कोटिंग, माझ्या गाडीला शोरूममध्येच मारून घेतलेलं, आवाज पण कमी येतो. एवढा काय विचार करायचा. आणि पार्टी कधी ते सांग.

रंगारी_मकरपुरा
थांबा जरा. मी औद्योगिक पेंटिंगच्या धंद्यात आहे, टाक्या, पाइपलाइन, स्ट्रक्चर, दिवसभर हेच, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

रबर कोटिंग म्हणून जे मारतात ते बहुतेक वेळा बिट्युमेनचा नाहीतर रबराचा जाड थर असतो. गिट्टीचा मार खायला चांगला, आवाज दाबायला चांगला. पण गंज अडवतो तो त्याच्या खालचा प्रायमर, आणि प्रायमर टिकतो तो त्याच्या खालच्या साफसफाईवर. तुमच्या त्या कोपऱ्यात दाणे आहेत, वेल्डची काजळी आहे, कदाचित तेल आहे, त्याच्यावर सरळ गनने काळं उडवलं की दिसायला सगळं एकसारखं होतं आणि गिऱ्हाईक खूश. मग कुठेतरी कड उचकटते, तिथून पाणी आत जातं, आत गेलेलं पाणी वाळत नाही आणि वरून कोणाला दिसतही नाही. असली चॅसी आमच्याकडे येते तेव्हा वरचं कातडं हाताने सोलून निघतं आणि त्याच्या मागच्या बाजूला गंजाचे पापुद्रे चिकटलेले असतात.

पावडर कोटिंग वाईट नाही, पण कडक असतं. दगड लागला की टवका उडतो, आणि मग त्या टवक्याच्या कडेने गंज पावडरच्या खालून सरकत जातो. शिवाय पावडर विजेच्या भाराने चिकटते, त्यामुळे खोल कोपऱ्यात ती नीट जातच नाही, तुम्ही बघितलंत ते त्यामुळेच. चौकोनी पाइपच्या आत तर विषयच सोडा.

काम करायचंच तर असं करा. दाणे छिन्नीने नाहीतर ग्राइंडरने काढायचे. सगळं खालून साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवायचं, तेलकट असेल तिथे थिनरचं फडकं. पावडरची चकाकी स्कॉचब्राइटने मारायची, नाहीतर नवा रंग तिच्यावर धरत नाही. जिथे कोरं लोखंड आहे तिथे, आणि तिथेच, झिंक रिच प्रायमर. मग वेल्ड आणि सगळ्या धारांना ब्रशने एक हात, ह्याला आमच्यात स्ट्राइप कोट म्हणतात आणि हाच सगळ्यात जास्त चुकवला जातो. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, सपाटीवर भरपूर बसला तरी धारेवर पातळच राहतो, म्हणून गंज नेहमी धारेपासून सुरू होतो. त्याच्यानंतर सगळीकडे टू पॅक इपॉक्सी, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे ऐनवेळी मिसळून मारायचा कडक रंग. रबर कोटिंग हवंच असेल तर ह्या सगळ्याच्या वर, आणि फक्त चाकांच्या मागे जिथे खडी उडते तेवढ्यात.

भटक्या_बडोदेकर
वा, दादा, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. झिंकवालं सगळीकडेच मारलं तर जास्त चांगलं नाही का? बाजारात कोल्ड गॅल्वनायझिंगचा स्प्रे मिळतो तो बघितला मी.

रंगारी_मकरपुरा
नाही. झिंक काम करतं ते लोखंडाला थेट चिकटलेलं असेल तरच. लोखंडाऐवजी झिंक आधी झिजतं म्हणून लोखंड वाचतं, त्यासाठी दोघांचा विजेचा संबंध जुळलेला हवा. मध्ये पावडरचा थर आला की संबंध तुटला, मग ते नुसता महागडा करडा रंग. स्प्रे घेणार असाल तर वाळलेल्या थरात झिंक नव्वद टक्क्यांच्या वर आहे का ते डब्यावर वाचा. चंदेरी दिसणारं सगळं झिंक नसतं, कित्येकदा नुसती ॲल्युमिनियमची भुकटी असते.

खारा_वारा
आमचं सासर वेरावळचं, घरात बोटी, त्यामुळे मिठाशी जुनं वैर. रंगारीभाऊंचं सगळं बरोबर, पण मला वाटतं तुम्ही लोक कोटिंगवर जास्त बोलताय आणि धुण्यावर कमी.

मीठ नुसतं लोखंडावर बसून काही करत नाही, त्याला ओल लागते. आणि ओल ते हवेतून खेचतं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा झाला की पाझरायला लागतं. पण समुद्राचं आणि रणाचं मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं व्हायला लागतं. म्हणजे तुम्हाला ट्रेलर कोरडा ठणठणीत दिसतोय, आणि खाली चॅनलच्या खाचेत बसलेला चिखल रात्रभर ओला. रणाचा पापुद्रा पण वरून पांढरा कडक आणि पाय दाबला की खाली काळा ओला गाळ, तसंच.

मांडवीला पुळणीवर ट्रेलर उतरवू नका. हौस असेल तर स्कॉर्पिओ न्या, ट्रेलर वर रस्त्याच्या कडेला राहू दे. चाकाच्या हबमध्ये खारं पाणी गेलं की बेअरिंगचं ग्रीस गेलं.

आणि परत आल्यावर लगेच धुवा, पुढच्या रविवारी नाही.

सेवउसळ_जिंदाबाद
मग तर सोप्पं आहे, सर्व्हिस स्टेशनला जॅकवर चढवून प्रेशरने सटासट मारून घ्यायचं.

खारा_वारा
तिथेच तर गोची आहे. प्रेशरचं पाणी जवळून मारलं की मीठ फटीतून अजून आत ढकललं जातं, बेअरिंगच्या सीलमध्ये, वायरच्या जोडात, प्लायच्या कडेत. त्यापेक्षा बागेत फिरणारा स्प्रिंकलर असतो ना, तो नळीला लावून ट्रेलरच्या खाली सरकवून द्या, मधून मधून जागा बदला आणि तासभर तुम्ही चहा प्या. मीठ विरघळून वाहून जायला जोर नको, वेळ हवा. बोअरचं पाणी चालेल का असं विचाराल, तर आधी जिभेवर ठेवून बघा. आपल्याकडे पादऱ्याच्या, जंबुसरच्या बाजूला काही बोअर इतके खारे की त्यात धुतलं काय नि न धुतलं काय. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा.

वॅगनवाले_काका
लेकरांनो, नोकरी सगळी रेल्वेच्या कॅरेज-वॅगनमध्ये काढली, प्रतापनगरला घर आहे, अजून सकाळी त्या शेडवरून फिरायला जातो. एक गोष्ट सांगतो ती वहीत लिहून ठेवा.

जुने निळे आयसीएफचे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) डबे दुरुस्तीला आले की आम्ही सगळ्यात आधी कुठे बघायचो? संडासाच्या खाली आणि दाराच्या खाली. बाकी डबा ठणठणीत, आणि तिथे हातोडी मारली की आरपार. वरून तो पत्रा साधा नव्हता, कॉर्टेन स्टील, गंजाला दाद न देणारं म्हणून ख्याती असलेलं. पण कॉर्टेनला सुद्धा मधून मधून वाळायला मिळावं लागतं, सतत ओलं राहिलं की तेही खातं. नंतर एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीचे नवे डबे आले, त्यांची बॉडी स्टेनलेसची, तेव्हा कुठे ती कटकट कमी झाली.

तेव्हा भटक्या, तुझ्या ट्रेलरला गंज बाहेरूनच येईल असं समजू नको. तुझं बाथरूम मागच्या कोपऱ्यात आहे म्हणालास ना? त्याच्या खालचा सांडपाण्याचा पाइप फरशीतून जिथे खाली येतो तिथे सील कसं केलंय बघ. ओट्याच्या सिंकखाली बघ. आतून बादलीभर पाणी ओत आणि खाली झोपून बघ कुठे ठिबकतं. ठिबकणारं पाणी कुठल्या चॅनलवर पडतं आणि तिथून पुढे कुठे जातं. सी चॅनल उताणा लावलेला असेल, म्हणजे तोंड आभाळाकडे, तर ती पन्हाळच झाली, तिथे पाणी साचणारच.

भटक्या_बडोदेकर
काका, तुमच्या पाया पडतो. आत्ताच वाडीत जाऊन आलो. बाथरूमच्या पाइपभोवती नुसता फोम भरलाय, पाणी ओतलं तर थेंब थेंब खाली आलंच. आणि तिथला आडवा चॅनल उताणाच आहे!! त्यात पाणी साचून राहिलेलं, बोटाला गंज लागला.

वॅगनवाले_काका
मग तिथून सुरुवात. फोम काढ, पॉलियुरेथेन सीलंट भर. आणि त्या चॅनलला सगळ्यात सखल जागी खालून १० मिलिमीटरचं भोक पाड. भोकाच्या कडा कानशीने साफ करून लगेच प्रायमर लाव, नाहीतर औषधच दुखणं होऊन बसेल. दोन्ही टोकांना एकेक पाडलंस तर उत्तम, गाडी कुठल्या उतारावर उभी राहील सांगता येत नाही. मात्र ॲक्सल जिथे बसलाय त्याच्या आजूबाजूला आणि पुढच्या दांड्याच्या मुळाशी ड्रिल चालवायचं नाही, सगळा ताण तिथे असतो.

आणि चौकोनी पाइपचं तोंड उघडं आहे ते तसंच असू दे. लोक हौसेने प्लास्टिकची टोपी ठोकतात. टोपीतून पाणी जातं आत, बाहेर येत नाही.

बर्फातला_बडोदेकर
मी मूळ रावपुऱ्याचा, आता बरीच वर्षं मिशिगनला. इथे ट्रॅव्हल ट्रेलर घरटी नसले तरी गल्लीला दोन-चार उभे असतातच आणि चॅसी गंजणं हा इथला राष्ट्रीय खेळ. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ पडायच्या आधी तर मिठाचं पाणीच फवारतात, २३ टक्क्यांचं. का २३, तर त्या प्रमाणाला मिठाचं पाणी उणे २१ अंशापर्यंत गोठत नाही. ते द्रावण प्रत्येक फटीत जाऊन बसतं. काही ठिकाणी मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराईड पण टाकतात, म्हणजे वर खारा_वारा ताई (का दादा?) म्हणाल्या तेच, कधी वाळतच नाही.

इथले जाणते लोक कडक कोटिंगच्या नादी फार लागत नाहीत. दर वर्षी थंडीच्या आधी लॅनोलिनचं नाहीतर मेणाचं फवारायचं, जे कधी पूर्ण वाळत नाही. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती चिकट राहते, टवका उडाला तर पुन्हा पसरून जागा झाकते, आणि फटीत आपण होऊन सरकते. खरी कमाल पाइपच्या आत. लांब बारीक नळी मिळते, टोकाला चारी बाजूंना उडणारं नोझल, ती पाइपमध्ये पार टोकापर्यंत सरकवायची आणि फवारत फवारत मागे ओढत आणायची. भटक्या, तुझ्या त्या दांड्याला हेच कर, आतून इपॉक्सी तर कोणी मारू शकत नाही.

अजून एक, इथल्या ट्रेलरना खालून प्लास्टिकचा पन्हाळीदार पत्रा लावलेला असतो, पोट झाकायला. थंडीसाठी ठीक, पण चाकाने उडालेलं पाणी त्याच्या वर जाऊन बसतं आणि वर काय चाललंय कोणाला कळत नाही. तुझ्या डीलरने तो लावून देतो म्हटलं तर नको म्हण.

खारा_वारा
ताई 🙂

रंगारी_मकरपुरा
लॅनोलिनला माझा विरोध नाही पण आपल्याकडची धूळ बघा. खावड्याच्या रस्त्याला एक फेरी झाली की त्या चिकटीवर खारट मातीचा लेप बसणार, आणि मे महिन्यात ४४ अंशाला ते पातळ होऊन ठिबकणार. उघड्या भागाला इपॉक्सीच बरी.

बर्फातला_बडोदेकर
लेप बसू दे की, लेपाच्या खाली लोखंडाला चरबी लागलेली आहे ना. आणि तुमची इपॉक्सी एकदा टवकली की संपलं, ते तुम्हीच वर लिहिलंय.

रंगारी_मकरपुरा
टवकली की हात मारायचा, त्यासाठी तर वर्षातून एकदा खाली शिरायचं. चिकट चिखलात टवका दिसणार कसा? बंद पाइपच्या आत मात्र मेण, तिथे मी तुमच्या बाजूने. फक्त जास्त तापमानाला न वितळणारं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण घ्या, पाण्यासारखं पातळ नको.

दांडिया_बाजार
आमच्या बाबांच्या वेळी ट्रकवाले जळकं ऑईल आणि डिझेल मिसळून ब्रशने फासायचे, पावसाळा संपला की अजूनही गॅरेजवाले डिझेलचा फवारा मारून देतात. ते का नको? फुकटात पडतं.

वॅगनवाले_काका
डिझेल उडून जातं आणि जळक्या तेलात इंजिनातलं ॲसिड, काजळी, धातूचा कीस सगळं असतं. शिवाय ट्रेलरच्या रबरी बुशांवर ते पडलं की रबर फुगतं आणि चिरतं. ठिबकतं ते जमिनीत जातं ते वेगळंच. मामांच्या वाडीत विहीर असेल तर मामा ट्रेलरसकट बाहेर काढतील.

लॅनोलिन-मेणाचं सुद्धा रबरावर आणि ब्रेकच्या ड्रमवर उडू देऊ नका, पिशव्या बांधा.

अळूवडी
उशिरा आले पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, आमच्याकडे पण छोटा कॅराव्हान आहे, मी आणि हे दोघंच फिरतो. ज्या कप्प्यात गॅसचा सिलिंडर ठेवता त्याच्या तळाला भोकं असतात, आणि स्वयंपाकाच्या बाजूला जमिनीतही एखादी जाळी असते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि ह्या भोकातून बाहेर जातो. खालून कोटिंग मारणारा पोरगा गन घेऊन शिरला की त्याच्या दृष्टीने भोक म्हणजे बुजवायची जागा. आमच्या ओळखीच्यांच्या ट्रेलरला असंच सगळं काळं करून दिलं होतं, नशीब घरी आणल्यावर लक्षात आलं. टेप लावून आधी झाका आणि काम झाल्यावर टेप काढल्याची स्वतः खात्री करा, टेप तशीच राहिली तरी तेच.

रंगारी_मकरपुरा
अळूवडीताई, लाख बोललात. मी त्यात अजून घालतो, टेप कुठे कुठे लागते ते. चॅसी नंबर जिथे ठोकलाय ती जागा, नाहीतर आरटीओत खरवडत बसाल. हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तो चेहरा, तिथे जाड रंग राहिला की तो दबतो आणि नट ढिले पडतात. पाट्याच्या स्प्रिंगचे यू बोल्ट, तेच कारण. पाट्यांच्या मध्ये पण काही जाड मारायचं नाही, त्या एकमेकांवर सरकायला हव्यात. आणि लाइटचं अर्थिंग जिथे चॅसीला बोल्टने घेतलंय ती जागा कोरी ठेवून नंतर वरून व्हॅसलीन फासा. रंग मारल्यावर ब्रेक लाइट मंद का झाले म्हणून फोन येतात, त्यातले निम्मे ह्याचेच.

सेवउसळ_जिंदाबाद
एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ हॉट डिप गॅल्वनाइज का नाही करत? जीआयडीसीत देतात ना करून, किलोवर भाव असतो.

रंगारी_मकरपुरा
तो राजमार्ग, पण ट्रेलर बांधायच्या आधीचा. नुसती चॅसी असताना सुमारे ४५० अंशाच्या वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात, आतून बाहेरून सगळीकडे झिंक बसतं, चौकोनी पाइपच्या आतसुद्धा. ६ मिलिमीटरच्या वरच्या जाडीला सरासरी ८५ मायक्रॉनचा थर धरतात, पातळ पत्र्याला कमी. पण त्यासाठी पाइपला दोन्ही टोकांना भोकं ठेवूनच डिझाइन करावं लागतं, आत पाणी किंवा हवा कोंडली तर टाकीत स्फोट होतो, म्हणून बंद पाइप ते घेतच नाहीत. लांब बारीक चॅसी उष्णतेने वाकडी पण होते. आता ह्यांच्या ट्रेलरवर घर बांधून झालंय, ते उतरवून कोण बुडवणार? नवा बनवून घेणाऱ्यांनी मात्र फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न हाच विचारावा. आणि गॅल्वनाइज झाल्यावर त्याच्यावर वेल्डिंग करायला लावू नका, झिंक जळतं, त्या धुराने वेल्डरला ताप भरतो.

दांडिया_बाजार
थोडं अवांतर. वाडी विश्वामित्रीच्या जवळ नाही ना? ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या पाण्यात आणि बाजूला मगर फिरतेय अशी परिस्थिती होती. चॅसीला मगरीपासून वाचवायचं कोटिंग असेल तर मला पण सांगा.

सेवउसळ_जिंदाबाद
मगर लाइटची वायर खाईल, तेव्हा स्क्रू बदलून घे भटक्या 😂

भटक्या_बडोदेकर
नाही हो, वाडी उंचावर आहे. पण जमीन मातीची आहे, पावसाळ्यात खालून सतत दमट वास येतो. ते चालेल का?

वॅगनवाले_काका
नाही चालणार. माती दिवसभर वाफ सोडते आणि रात्री गार लोखंडावर ती जमते. खाली फरशी टाक, निदान जाड गिट्टी तरी पसर. गवतात उभा ठेवायचा नाही, आणि प्लास्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळून तर मुळीच नाही. वर छप्पर असू दे, चारी बाजूंनी वारा खेळू दे.

भटक्या_बडोदेकर
ठीक. आज त्या माणसाला फोन केला, विचारलं की रबर कोटिंगच्या आधी साफसफाई काय करणार? म्हणाला, हवा मारतो ना. प्रायमर कुठला? म्हणाला, ह्याला प्रायमर लागत नाही साहेब, हे स्वतःच सगळं आहे. मी म्हटलं राहू दे.

माझं असं ठरतंय की पाइपचं सील आणि उताण्या चॅनलची भोकं ह्याच आठवड्यात. मग रंगारीदादा म्हणतात तसं इपॉक्सी, आणि दांड्याच्या आत वॅक्स. ते लगेच गणपतीत सुट्टी आहे तेव्हाच उरकून टाकू का?

रंगारी_मकरपुरा
सील आणि भोकं जरूर करा. इपॉक्सी आत्ता भाद्रपदात नको. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्याच्या) निदान ३ अंश वर हवं आणि हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत, नाहीतर डोळ्याला न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि पुढे फोड येतात. दसरा होऊ दे. नंतर आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन पडतं तेव्हा सकाळी दव उडाल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटपायचं. हार्डनर मिसळला की डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढ्यातच संपवायचा, थोडं थोडं मिसळा. झिंक मारायचं तेव्हाच, कोरं लोखंड घासून रात्रभर उघडं ठेवायचं नाही. तोवर त्या करड्या कोपऱ्यांवर काही तेलकट मारू नका, पुढे काढता काढता नाकी नऊ येतील. कोरडं ठेवा, बस.

वॅक्स सगळ्यात शेवटी. आधी मारलंत तर ते भोकातून पाझरून बाहेर येणार आणि इपॉक्सी तिथे धरणार नाही.

भटक्या_बडोदेकर
आणि ते सेल्फ टॅपिंग स्क्रू? सगळे काढू? मोजले नाहीत पण खूप आहेत.

बर्फातला_बडोदेकर
काढ. जिथे आधीच बोल्ट आहे तिथे रबर लावलेली पी क्लिप (वायर धरणारी P आकाराची पट्टी) त्याच बोल्टखाली घे, नवीन भोक नको. जिथे पर्यायच नाही तिथे भोकाच्या कडेला प्रायमर लावून स्क्रू सीलंटमध्ये बुडवून परत बसव. आणि बॉडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर तो जिथे लोखंडाला टेकतो तिथे मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आहे का बघ. नसेल तर खारी हवा लागल्यावर तिथे गंज नाही येणार, पांढरी भुकटी येईल, ॲल्युमिनियम खाल्लं जातंय त्याची.

अळूवडी
स्टेनलेसचे स्क्रू घातले तर?

रंगारी_मकरपुरा
लोखंडी चॅसीत स्टेनलेसचा छोटा स्क्रू चालतो, लोखंडाचा पसारा मोठा असल्यामुळे झीज विभागली जाते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस घालताना नायलॉनचा वॉशर घाला. उलटं, म्हणजे मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात छोटा लोखंडी स्क्रू, हे मात्र कधीच नको, स्क्रू बघता बघता संपतो.

खारा_वारा
भटक्या, स्प्रिंकलर घेऊन ठेव आधी. मांडवीला मुक्काम करशील तिथे पण धर्मशाळेत, हॉटेलात विनंती केली तर अंगणातल्या नळाला नळी लावू देतात. निघायच्या आधी तिथेच एकदा खालून पाणी फिरवून घे, मग बडोद्याला पोचेपर्यंतच्या प्रवासात ते वाऱ्याने वाळतं पण. हबला हात लावून बघ दर थांब्याला, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं तर बेअरिंग बघायची वेळ झाली.

भटक्या_बडोदेकर
घेतला, मंगळ बाजारातून, आजच. दसऱ्यानंतर पहिल्या रविवारी काम काढतो, ज्यांना बघायला यायचंय त्यांनी या, मामी खिचडी-कढी करणार आहेत. काका, तुम्ही हातोडी घेऊन या.

वॅगनवाले_काका
येतो. गोणपाट दोन ठेव, मला पण खाली शिरायचंय.